येसूबाईचा चिकाचा डबा

खारघरच्या त्या टॉवरमध्ये सकाळी साडेसहाला लिफ्टचं दार उघडलं की आधी गोठ्याचा वास बाहेर यायचा आणि त्याच्या मागोमाग येसूबाई भोईर. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात माप, लुगडं वर खोचलेलं, वय बासष्ट. दूधवाल्यांनी मालाची लिफ्ट वापरावी, असा सोसायटीने एकदा ठराव केला होता. येसूबाईने तो वॉचमनकडून दोनदा वाचून घेतला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढच्याच लिफ्टमध्ये शिरली. तो विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

नावड्याला तिच्या दारात चार म्हशी. एके काळी अकरा होत्या. मग आजूबाजूची शेतं गेली, कुरणं गेली, नवरा रामचंद्रही गेला, आणि मुलगा धनेश तळोज्याच्या कारखान्यात लागला. "आये, आता म्हशी काढून टाक," असं त्याने किती वेळा सांगितलं असेल! पण येसूबाई एकदा अडून बसली आणि मग हलली, असं नावड्यात कुणाच्या ऐकिवात नाही. पहाटे धारा काढायच्या, धनेशच्या मोटारसायकलवर मागे बसून खारघर गाठायचं, बावीस घरी दूध घालायचं आणि रिकामी किटली मांडीवर घेऊन मेट्रोने परत. दुधात पाण्याचा थेंब नाही. हा तिचा अभिमान होता, आणि तो तिने कमावलेला होता.

अशा बाईला ओटचं दूध, बदामाचं दूध पटायचं कसं? टॉवरमध्ये तर त्याची साथच आली होती. अकराव्या मजल्यावरचा राजवर्धन व्यायामशाळेत जायला लागला आणि ओटचं दूध पिऊ लागला. येसूबाईने त्याला भर लिफ्टमध्ये विचारलं, "घोड्याचा खाना तू पितोस काय? मग खिंकाळून तरी दाखव." बिचारा हसला. चहाला अर्धा लिटर म्हशीचं दूध मात्र घेत राहिला.

खरा सल होता तो चौथ्या मजल्यावरच्या सोनमचा. सोनम बेलापूरला बँकेत होती. नवरा नोकरीसाठी पुण्यात, घरात परभणीकडून आलेली सासू सुंदराबाई आणि तीन वर्षांची मुलगी अस्मिता. अस्मिता वर्षाची असताना तिला दूध पाजलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध, दही, तूप, पनीर, काहीही द्यायचं नाही. सोनमने त्या दिवसापासून दूध घराबाहेर घालवलं. मुलीला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं सोयाबीनचं दूध, मोठ्यांना कोरा चहा. येसूबाईचं रोजचं एक लिटर बंद झालं.

लिटर गेल्याचं तिला काही नव्हतं. तिला लागलं ते दुधाला नावं ठेवलेली. "दुधाने कवा कुनाचा वाईट झालाय?" ती घरी येऊन नातीपाशी, पूर्वीपाशी, फणकारायची. "झाडाला काय आचळ असतात? झाडाचा कसला आलाय दूध!"

पूर्वी बारावीला होती आणि आजीची नात शोभत होती. ती म्हणाली, "आजी, मग आपण कालवणात नारळाचं दूध घालतो ते कुठल्या म्हशीचं?"

येसूबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

त्या हिवाळ्यात मोगरी व्याली. मोगरी तिची सगळ्यात लाडकी म्हैस. भोईरांच्या घरात सासूच्या सासूपासून एक रीत चालत आलेली होती: म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचा चीक विकायचा नाही. ज्या दारात एकदा तरी दूध घातलं त्या प्रत्येक दारात चिकाचा डबा गेला पाहिजे. घेणाऱ्यानेही तो डबा धुवायचा नाही आणि रिकामा परत करायचा नाही; मूठभर तांदूळ टाकून द्यायचा. ते तांदूळ आधी म्हशीला, मग माणसांना. येसूबाई शहरातल्या लोकांसाठी खरवस घरीच करून आणायची, गुळाचा, वेलची घातलेला.

सोनमने दारातच हात जोडले. "मावशी, राग मानू नका, पण नको. आमच्या घरात दुधाचं काहीच येत नाही."

"अगो, ह्या दूध नाय, चीक हाय."

"तेच ते, मावशी. अस्मीला चालत नाही."

डबा भरलेलाच परत आला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. येसूबाई लिफ्टने न उतरता चार मजले जिन्याने उतरली, कारण डोळे भरले होते आणि लिफ्टमध्ये आरसा होता.

आता पुढे तिने जे केलं ते समजायला तिच्या गोठ्यातला हिशोब समजला पाहिजे. तिच्या लेखी चीक आणि दूध या दोन वेगळ्या वस्तू. चीक चहात जात नाही, देवाला चढत नाही, मापाने मोजला जात नाही; तो निवळला की मगच म्हैस "दुधाला आली" म्हणायचं. डॉक्टरने बंद केलं होतं दूध. चिकाचं नाव कुठे काढलं होतं? शहरातल्या डॉक्टरला चीक ठाऊकच नसणार, अशी तिची पक्की खात्री होती.

दूध घालून झाल्यावर ती खालच्या बागेत बाकावर टेकली. सुंदराबाई नातीला खेळायला घेऊन आल्या होत्या. चेंडू गेटकडे घरंगळला, त्या तो आणायला गेल्या आणि अस्मिता येसूबाईच्या गुडघ्याला येऊन चिकटली. येसूबाईने डबा उघडला. एवढासा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, तिने मुलीच्या तोंडात घातला. मुलीने मिटक्या मारल्या. येसूबाईचा जीव निवाला. सुंदराबाई परत यायच्या आत तिने डबा बंद केला आणि मेट्रो पकडायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने सांगितलं, "चौथ्या माळ्याची छोटी हॉस्पिटलमध्ये आहे. काल बागेतून वर गेली आणि चेहरा सुजला, श्वास लागला. आता बरी आहे म्हणतात. ते पॅकेटचं सोयाबीनचं दूध बाधलं. कालच नवीन पॅकेट फोडलं होतं."

येसूबाईला बागेतला तो तुकडा आठवला.

गप्प बसायला सगळी सोय होती. कुणी पाहिलं नव्हतं. दोष ज्याच्यावर गेला होता त्या दुधाला ती स्वतःच दोन वर्षं शिव्या घालत होती. टॉवरमध्ये अर्ध्या तासात बोभाटा झाला होता की पॅकेटचं दूध वाईट. तीन बायकांनी तिला उद्यापासून जास्त दूध मागितलं. येसूबाईने बावीस घरी दूध घातलं, एकही घर चुकवलं नाही, आणि मग किटली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून हॉस्पिटलचा रस्ता धरला.

अस्मिता खाटेवर बसली होती. तोंडावरची सूज उतरत होती, पण रडून रडून आवाज बसला होता. तिला तिचं दूध हवं होतं आणि ते कुणी देत नव्हतं. सुंदराबाई कोपऱ्यात पुटपुटत होत्या, "म्या म्हनलंच व्हतं, ते पाकिटातलं पाजू नगा." सोनम भिंतीला टेकून उभी होती. तरुण डॉक्टरीणबाई तिला सांगत होत्या की आता सोयाबीनही बंद करावं लागेल. मग मुलीला द्यायचं काय, ते नव्याने बघावं लागेल. बदामाचं दूध तिच्या वाढीला पुरणारं नाही.

"डॉक्टरीणबाय," येसूबाई दारातूनच बोलली. "त्या सोयाबीनचा काय गुन्हा नाय. मी दिला तिला. खरवस. एक तुकडा."

डॉक्टरांनी किती दिला, किती वाजता दिला, कशाचा होता, सगळं विचारून घेतलं. येसूबाईने एकेक सांगितलं, काही झाकलं नाही. शेवटी तिने स्वतःच विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज अगदी लहान झाला. "चीक म्हंजे दूध नाय ना, बाय?"

"आजी, ज्या प्रथिनांचा हिला त्रास होतो ती चिकात दुधाहून जास्त असतात."

येसूबाई तिथेच जमिनीवर बसली. सोनम तिच्यासमोर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या मुलीचा श्वास अडकला होता, मावशी. मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं."

"होय गो. सांगितलास. मीच ऐकला नाय."

याच्यापुढे तिने एक शब्दही स्वतःच्या बाजूने काढला नाही. प्रेमाने दिला, नकळत दिला, काही नाही. भल्याभल्यांना हे जमत नाही, मी पाहिलेलं आहे. डॉक्टरांनी थांबून, बघून, त्याच संध्याकाळी अस्मिताला तिचं सोयाबीनचं दूध दिलं आणि ते तिला बाधलं नाही. पेला दोन्ही हातांनी धरून ती ते घटाघटा प्याली.

टॉवरमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण येसूबाईने ती स्वतःच पसरवली. जिने जिने विचारलं तिला सांगितलं, "सोयाबीन नाय, मी." नऊ घरांनी दूध बंद केलं. ज्या बाईला पोराच्या तोंडात काय घालावं कळत नाही तिचं दूध कशाला, असं म्हणाले. येसूबाईने वाद घातला नाही. उरलेल्या तेरा घरी ती साडेसहालाच येत राहिली.

बदललं ते वेगळंच. आता ती विचारायला लागली. दुधाचा एक थेंबही कुणाला द्यायचा तर आधी, "घरात कुनाला वर्ज्य हाय काय?" दुसऱ्या मजल्यावरच्या सीतारामकाकांचं पोट दूध प्यायलं की नगाऱ्यासारखं फुगायचं आणि ते बिचारे ताकदीसाठी नाक दाबून पीत होते. त्यांना तिने स्वतःहून सांगितलं, "काका, दूध सोडून बघा. नायतर डॉक्टरला विचारा. माझ्या भिडेने पिऊ नका." दूधवालीच गिऱ्हाईक तोडतेय म्हणून लोक हसले. काकांचं पोट मात्र शांत झालं. आणि कुणी जाहिरात बघून तान्ह्या मुलाला बदामाचं दूध पाजायला निघालं, की हीच बाई दारात पाय रोवून उभी राहायची. "आधी डॉक्टर. मी सांगते म्हनून नको, मी एकदा चुकलेली हाय." पूर्वीकडून तिने पॅकेटांवरचं बारीक अक्षर वाचून घेतलं होतं, कुठल्यात साखर घातलेली, कुठल्यात कॅल्शियम. राजवर्धनच्या ओटच्या पॅकेटात साखर निघाली तेव्हा ती त्याला सोडणार थोडीच होती!

सोनम मात्र बोलत नव्हती. लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या की मान हलवायची, तेवढंच.

दीड वर्षाने मोगरी पुन्हा व्याली. बावीस डबे भरले गेले, दूध बंद केलेल्या नऊ घरांचेही. तेविसावा, सोनमसाठी, येसूबाईने नवाकोरा आणला. नवीन पातेलं, नवीन फडकं. हा खरवस तिने स्वयंपाकघरात केलाच नाही, कारण तिथल्या प्रत्येक भांड्याला कधी ना कधी दूध लागलेलं होतं. अंगणात वेगळी चूल मांडली. नारळ पूर्वीकडून खोवून घेतले, दूध पिळलं, त्यात गूळ, वेलची, तांदळाचं पीठ, आणि वाफेवर ठेवलं. धारा त्या दिवशी धनेशला काढायला लावल्या, म्हणजे हाताला चीक लागायला नको. पहिला खरवस जमला नाही, पिठलं झालं. दुसरा जमला.

चौथ्या मजल्यावर ती चपला काढून उभी राहिली. बेल दाबायच्या आधी तिने पदराला हात पुसले आणि मग घाबरून पदराकडे बघितलं. तोही सकाळीच धुतलेला होता.

सोनमने दार उघडलं आणि डबा बघून तिचा चेहरा कडक झाला.

"नारळाचा हाय," येसूबाई घाईने म्हणाली. "सुंदराबायना महिन्याआधी विचारून घेतला, अस्मी नारळ खाते म्हनून. नारळ, गूळ, वेलची, तांदळाचा पीठ. पाचवा काय नाय. पातेला नवा, फडका नवा, चूल भायेर. तुला नको वाटला तर फेकून दे. मना वाईट नाय वाटनार. पन रीत हाय गो, तुझा दार सोडून मना पुढे जाववत नाय."

सोनमने डबा उघडला. वास घेतला. मग येसूबाईचे हात बघितले. साबणाने घासून घासून बोटांची कातडी पांढरी पडली होती. तिने डबा घेतला आणि दार लावलं. येसूबाईने मग बाकीची बावीस घरं केली. आत काय झालं ते तिला कळायला मार्ग नव्हता आणि तो दिवस तिला गेला म्हणता जाईना.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडली. सोनमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती आणि पिशवीत डबा. येसूबाईने झाकण काढलं. डबा धुतलेला नव्हता. कडांना नारळाचा खरवस चिकटलेला होता, तळाशी पाच छोट्या बोटांनी पुसून खाल्ल्याच्या रेघा होत्या, आणि त्यांवर मूठभर तांदूळ.

त्या दिवशी ती परत जाताना मेट्रोत बसली नाही, जागा असून उभी राहिली, डबा छातीशी धरून. घरी आल्यावर लुगडंही न बदलता गोठ्यात गेली आणि ते तांदूळ मोगरीपुढे धरले. मोगरीने दोन घासांत संपवले. येसूबाई तिच्या मानेत तोंड घालून मोठ्याने रडली, आणि काय झालं म्हणून पूर्वी धावत आली तेव्हा म्हणाली, "काय नाय गो. सगळी घरं झाली."