सुजाताचे स्फटिक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुरीच्या संशोधनाचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो — इतकी वर्षं असंच निभावलं.

नांदेडच्या एका कॉलेजात मी जीवरसायन शिकवायचो. सुजाता माझ्याकडे संशोधन करत होती. जळकोटकडची, बौद्ध घरातली; आईवडील रोजंदारीवर. तुरीच्या दाण्यातल्या एका प्रथिनाचे स्फटिक वाढवणं, हे तिचं काम. काचेच्या चकतीखाली थेंब लटकवायचा, कडेनं ग्रीस लावून बंद करायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा — आणि वाट बघायची. थेंबामागून थेंब नुसतेच गढूळ व्हायचे. शेवटी एकात रवे धरले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धारदार कडा, थरावर थर चढत चाललेला. अजून जरा वाढले की क्ष-किरण तपासणीला जाणार होते. तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावरच उभा होता.

ती गावी गेली असताना कॉलेजात पाहुणे आले. मला मिरवायचं होतं, दुसरं काय? थेंब काढून त्यांना दाखवला आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा तसाच चालू ठेवून चहाला गेलो. गप्पा लांबल्या. परत आलो तर थेंब तापलेला, रवे विरघळलेले. मी गुपचूप चकती फ्रिजमध्ये ठेवली.

सुजाता आली तेव्हा प्रयोगशाळेत सगळेच होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, "कड नीट बंद केली नसशील."

"मग थेंब वाळला असता, सर. हे तर विरघळलेत."

बरोबर होतं तिचं. म्हणूनच — हो, म्हणूनच — मी म्हणालो, "नाजूक काम आहे बाई. सगळ्यांच्या हातचं नसतं."

'सगळ्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे तिथं प्रत्येकाला कळलं. कळावं म्हणूनच तसं बोललो. मागून एकजण हसला, "हात खुरप्याचा हाय न, सर!" मी त्याला गप्प केलं नाही.

तिनं संशोधन सोडलं.

गेल्या हिवाळ्यात हिमायतनगरला, ती आता नोकरीला आहे त्या कचेरीत गेलो. "जय भीम, सर! बसा न. बिनसाखरेचा सांगू का चहा?" तिनं स्वतः खुर्ची पुसून दिली.

दिवा मी चालू ठेवला होता, सुजाता. आणि ते वाक्य मी जाणूनबुजून बोललो. मला माफ कर. — वाटभर हेच घोकत आलो होतो.

चहा संपवला. विचारलं, "नांदेडची एसटी किती वाजता आहे?"