उजव्या कोपऱ्यातला ठिपका

भरमाप्पा कुरुंदवाडचा. उंच, किंचित वाकलेला, कमी बोलणारा माणूस. गंगावेशीतल्या आमच्या टॉकीजात तो ऑपरेटर होता, म्हणजे वरच्या कॅबिनमध्ये सिनेमा चालवणारा. मी केरबा, रिळं वाहणारा. त्या टॉकीजात सिनेमा बघितलेली माणसं कोल्हापुरात पुष्कळ आहेत. भरमाप्पाला रिळांवर काम करताना बघितलेला मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

आधी काम काय होतं ते सांगतो. सिनेमा तेव्हा रिळांवर यायचा. एक रीळ अठरा-वीस मिनिटं चालायचं. कॅबिनमध्ये दोन मशीनं. एकावरचं रीळ संपायच्या आत दुसऱ्यावरचं सुरू करायचं, आणि खाली बसलेल्या माणसाला ते कळता कामा नये. त्यासाठी रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जायचा. पापणी लवली तर गेला. त्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. त्याला एका मशीनची उजेड अडवणारी झडप पाडायची, दुसऱ्याची उघडायची. जन्मभर सिनेमे बघणाऱ्यांनीही हा ठिपका पाहिलेला नसतो. भरमाप्पानं जन्मभर तेवढाच पाहिला.

नव्वदच्या दशकात एकच प्रिंट दोन टॉकीजांत चालायची. आमच्याकडं तीनचा खेळ, स्टेशनकडच्या टॉकीजात साडेतीनचा. आमच्याकडं रीळ उतरलं की डबा सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि पापाची तिकटी, शिवाजी चौक, लक्ष्मीपुरी करत स्टेशन रोड गाठायचा. तिथं टाकायचा आणि पुढच्यासाठी परत. रविवारी लक्ष्मीपुरीत बाजार. कोथिंबिरीच्या पाट्यांतून सायकल काढायची म्हणजे पोटऱ्या भरून यायच्या. उशीर झाला तर तिकडं पडदा पांढरा आणि लोक खुर्च्या बडवणार. पाऊस, ऊन, ताप ही कारणं चालत नसत. भरमाप्पा मला तम्मा म्हणायचा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"तम्मा, आज चेन पडली व्हय?"

"कसं वळखलंस आण्णा?"

"डब्याला काळं लागलंय. धू आधी. रिळाला लागलं तर हिरोला दाढी यील."

तो कॅबिनमध्ये कधी बसायचा नाही. मशीनजवळ उभा राहायचा, तळहात मशीनवर ठेवून. पट्टा सैल झाला, दात्यात फिल्म अडली, की आवाजाच्या आधी हाताला थरथर कळते, असं तो म्हणायचा. मी पुष्कळदा हात ठेवून पाहिला. मला नुसतंच गरम लागायचं.

जुन्या मशीनांत कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या. त्या उजेडाकडं काळ्या काचेतून बघायचं असतं. घाईत भरमाप्पा तसाच बघायचा. त्यात डोळे गेले. आंधळा झाला नाही. समोर बघितलं की मधोमध धूसर, कडेचं मात्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं सुधारणारं नाही. भरमाप्पा म्हणाला, "माझं काम कडंलाच हाय."

पुढं प्रिंटा वाढल्या, डबे वाहायचं काम संपलं. मालकांनी मला सायकल स्टँडवर बसवलं. मालक म्हणजे हंबीरराव. माणूस वाईट नाही, पण टॉकीज तोट्यात होतं. २००६ साली त्यांनी डिजिटल आणलं. रिळं बंद. सिनेमा आता एका काळ्या पेटीत यायचा. कॉम्प्युटरवर जाहिराती लावायच्या, सिनेमा निवडायचा, सुरू करायचा, कॉम्प्युटरवर दिसेल तेच मोठ्या पडद्यावर. बस.

दोन्ही मशीनं भंगारवाल्यानं नेली. जिन्यावरून उतरवायला मीही खांदा दिला. उचलायच्या आधी भरमाप्पा फडक्यानं एकेक भाग पुसत बसला.

मी म्हणालो, "आण्णा, भंगारात चाललीयात. पुसतोस कशाला?"

"खेळ संपला की पुसायचं असतंय."

त्याच दिवशी हंबीरराव त्याला म्हणाले, "आण्णा, दिवाळीचा पिक्चर तुम्ही एकट्यानं चालवायचा. जमलं तर कॅबिन तुमची. न्हाय जमलं तर गेटवर तिकिटं फाडा. पगार तेवढाच देतो."

पगाराचं भरमाप्पाला काही नव्हतं. बायको गेली होती, मुलं नव्हती. त्याला कॅबिन हवी होती. मशीनं गेलेली असली तरी कॅबिनच्या भिंतीतल्या भोकातून पडदा तसाच दिसत होता.

कॉम्प्युटर शिकवायला मालकांची सून संयोगिता वर यायची. तिनं कोर्स केला होता, टॉकीजचा हिशेब तीच बघायची. पहिल्याच दिवशी अडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर करंगळीच्या नखाएवढा पांढरा बाण. तो जिथं न्यायचा तिथं नेऊन बटण दाबायचं. भरमाप्पा त्याच्याकडं सरळ बघायचा आणि बाण नाहीसा व्हायचा. मान तिरकी केली की दिसायचा, हात हलवला की पुन्हा हरवायचा.

"आण्णा, माउस जोरात फिरवू नका, टेबलाखाली जातोय."

"वैनीसाहेब, मला दिसतंय ते फिरतंय, आणि मी फिरवतो ते दिसत न्हाय. काय करू?"

तिनं सेटिंग उघडलं. बाण मोठा केला, काळा केला, हलवला की मागं शेपटासारखी बाणांची रांग दिसेल असंही केलं. भरमाप्पानं मान तिरकी केली, हात हलवला आणि म्हणाला, "आता घावला. म्हशीएवढा झालाय."

मग त्यानं मेहनत घेतली. मी मेहनत ओळखतो. दुपारच्या खेळाआधी तो एकटाच बसून बाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं न्यायचा, आणायचा. रिकाम्या टॉकीजात, रिकाम्या पडद्यावर. सिनेमा न लावता. पाठ दुखली की उभा राहून करायचा.

दिवाळीला खेळ भरला. जाहिराती लागल्या, सिनेमा लागला, सगळं बरोबर. भरमाप्पा उठून जुन्या जागी उभा राहिला, भोकापाशी. आणि मध्यंतराच्या जरा आधी पडद्याच्या मधोमध काळा बाण आला. पाठोपाठ शेपूट. हिरोइनीच्या गालावरून नाकावर, नाकावरून परत गालावर.

टॉकीज उसळलं.

"ए आपरेटर! बाण काढा की वो!"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, हिरोपेक्षा तोच बरा हाय!"

"जरा खाली घ्या पावणं!"

मी जिना चढून वर गेलो. भरमाप्पा भोकातून पडद्याकडं बघत उभा होता आणि त्याचा उजवा तळहात माउसवर टेकलेला होता. मशीनवर ठेवायचा तसाच. माउसमध्ये थरथर नव्हती. ती त्याच्या हातात होती. मी हात उचलून बाजूला ठेवला.

हंबीरराव आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "आण्णा, पिक्चरमध्ये नसलेलं कायबी परत पडद्यावर दिसलं, तर गेट."

दुसऱ्या दिवशी संयोगितानं बाण पुन्हा लहान केला. म्हणाली, "आता असं करू. खेळ सुरू झाला की बाण कोपऱ्यात सारून ठेवायचा, माउस हलला नाही तर तो आपोआप लपतो. परत लागला की कीबोर्डवरचं हे खालचं बटण दाबायचं. बाण जिथं असंल तिथं गोल उमटतील, दाबून बघा."

भरमाप्पानं बटण दाबलं. बाणाभोवती एक मोठं कडं उमटलं, आत आत मिटत गेलं आणि बाणाच्या टोकाशी संपलं. पाण्यात दगड टाकल्यावर कडी बाहेर जातात. ही आत येत होती.

त्यानं पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा.

"दिसलं का, आण्णा?"

"दिसलं. वैनीसाहेब, ह्यो वर उजव्या कोपऱ्यात ठेवला तर चालतोय न्हवं?"

"कुठंबी ठेवा. का?"

त्यानं तिला ठिपक्याचं सांगितलं. पहिल्याला मोटर, दुसऱ्याला झडप. हातानं करून दाखवलं. ती टॉकीजमालकाच्या घरात सून म्हणून आलेली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर त्याच्याविषयी काही तक्रार आली नाही. खेळाआधी बटण दाबून बाण हुडकायचा, काम करायचा, आणि बाण वरच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. हात पाठीमागं बांधून उभा राहायचा. कोपऱ्याकडं बघत. तिथं काही येत नव्हतं. सिनेमा सलग चालायचा, कुठं जोड नाही, बदल नाही.

"तम्मा," एकदा चहा पिताना तो म्हणाला, "पिक्चर चालतोय, पर मी चालवत न्हाय."

डबे वाहायचे बंद झाल्यावर माझ्याही पोटऱ्या बारीक झाल्या होत्या.

२००८ साली एक जुना तमाशाचा सिनेमा नव्यानं डिजिटल होऊन आठवड्यासाठी आला. भरमाप्पा कॅबिनमध्ये नवा होता तेव्हा तो आमच्याकडं महिनोन् महिने चालला होता. कुठलं रीळ कुठं संपतं हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. रविवारी सकाळी तो सायकल स्टँडवर आला.

"आज आत बस. मागं, मधोमध. आणि नाचणारीकडं बघू नगंस."

मी बसलो. नदीवर बाई घागर टेकवते आणि मागं वळून बघते, तिथं पहिलं रीळ संपायचं. बाईनं घागर टेकवली. वर उजव्या कोपऱ्यात एक बारीक कडं उमटलं आणि मिटलं. काही सेकंद गेले. पुन्हा उमटलं, मिटलं. बाईनं मागं वळून पाहिलं.

माझे पाय खुर्चीखाली आपोआप हलले. डबा उतरला, बांधला, निघालो, पापाची तिकटी.

मग दुसरं. फेटेवाला दार लावतो तिथं. मग तिसरं. शेजारच्यांना काही दिसत नव्हतं, सगळे ढोलकीत होते. शेवटच्या रिळापर्यंत त्यानं प्रत्येक बदल केला. मी बसल्या जागी घामाघूम झालो होतो.

पण त्या दिवशी बाल्कनीत हंबीररावांचे पाहुणे होते. त्यातल्या एकानं विचारलं, कोपऱ्यात मधनं मधनं काय चमकतंय? खेळ सुटल्यावर मी वर गेलो तेव्हा मालक कॅबिनमध्ये उभे होते.

"आण्णा, बटणाला हात लागला असंल. चुकून झालं म्हणा, विषय मिटला."

भरमाप्पा फडक्यानं कीबोर्ड पुसत होता. "चुकून न्हाय झालं, मालक. एकबी चुकला न्हाय."

हंबीरराव दारापाशी थांबले. त्याला 'चुकून' म्हणायला वेळ देत होते. तो पुसत राहिला. पुसून झाल्यावर फडकं घडी करून ठेवलं आणि कॅबिनची किल्ली मालकांच्या हातात दिली.

शुक्रवारपासून तो गेटवर बसला. कॅबिन संयोगिता बघू लागली. तिकिटं फाडून झाली, लोक आत गेले की भरमाप्पा दाराचा पडदा बोटभर सारून उभा राहायचा. मान तिरकी असायची, तोंड वर उजवीकडं.

एका दुपारी मीही शेजारी उभा होतो. आत कुठलासा नवा सिनेमा, मारामारी चाललेली. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात कडं उमटलं, मिटलं. थोड्या वेळानं पुन्हा.

मी भरमाप्पाकडं बघितलं.

"वैनीसाहेब," तो पुटपुटला. "फार लवकर केलं. रिळात अजून बरंच बाकी होतं."

तक्रार करायची ती केली. पण त्याचा उजवा हात तोवर हवेत झडप पाडून मोकळा झाला होता.