आतोबांची फ्रेंच खडी

आमच्या आतोबांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलंय असं कुणी सांगितलं, तर तो माणूस खोटं बोलतोय असं खुशाल समजावं. माझी नोकरी अंधेरीला आणि राहणं बोरिवलीला आत्याकडे, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली ऐन उमेदीची वर्षं मी त्यांच्या सहवासात, म्हणजे खरं तर त्यांच्या मागे मागे, काढली. सकाळचा चहा ते दारात उभ्याने प्यायचे, एक पाय चपलेत घालून. लग्नाच्या पंगतीत स्वतःचा भात संपायच्या आत उठून दुसऱ्यांना ताक वाढायला लागायचे. कोपऱ्यावरचा सलूनवाला त्यांचे केस कापत नसे, गाठत असे. "साहेब, दोन मिनिटं तरी मान माझ्याकडे ठेवा ना," असं तो काकुळतीला येऊन म्हणायचा, आणि आतोबा आरशातून रस्त्याकडे बघत विचारायचे, "ती खडी कुठे चाललीय रे ट्रकमधून?"

कारण खडी हा त्यांच्या जिवाचा विषय होता. कांदिवलीच्या एका औषधांच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. ते काम उभ्याने करता येतं म्हणूनच ते टिकले, असं आत्या म्हणायची. तिथे एकदा एक यंत्र बसवायला फ्रान्सहून एक इंजिनियर आला आणि जाताना आतोबांना एक नकाशा भेट देऊन गेला. मध्य फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या सायकलच्या वाटांचा. दुसऱ्या कुणी तो घडी घालून माळ्यावर टाकला असता. आतोबांनी तो देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लावला. त्यात डांबरी रस्ते लाल होते आणि खडीचे कच्चे रस्ते पांढऱ्या तुटक रेघांनी दाखवले होते. लाल रेघांकडे आतोबा ढुंकूनही बघत नसत. "डांबरावर काय, कुणीही सायकल चालवतो," ते म्हणायचे, "रस्ता खालून बोलला पाहिजे." आणि मग त्यांचं बोट पांढऱ्या रेघेवरून निघायचं. "इथे चर्च. इथून चढ. मग उतारावर नुसती खडी, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. घाम येतो रे नुसतं बघून!" खरोखर येत असे. आत्या पंखा वाढवायची.

ते रस्ते प्रत्यक्ष भेटेपर्यंत सराव हवा म्हणून आतोबांनी आपली जुनी काळी सायकल सोलून काढली. मडगार्ड गेले, साखळीवरचं झाकण गेलं, कॅरियर गेला. उरलेल्या सांगाड्यावर बसून ते उपनगरात जिथे म्हणून डांबर नाही तिथे हिंडत. दहिसरच्या खाणीकडचा चढ म्हणजे त्यांचा नकाशातला डोंगराळ ओव्हेर्न प्रांत. आरे कॉलनीतल्या गोठ्यांमागची वाट म्हणजे लोआर नदीचं खोरं. नदीचं नाव ते अक्षरागणिक वाचून 'लोईरे' असं म्हणायचे, आणि ती कुडाळच्या आसपास कुठेतरी वाहत असावी असं ऐकणाऱ्याला वाटायचं. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, "काय भावजी, दमलेले दिसता?" "ओव्हेर्नला जाऊन आलो," आतोबा म्हणाले. वहिनींनी दुसऱ्या दिवशी आत्याला हळूच विचारलं की त्या ओव्हेर्न डॉक्टरांनी काय निदान केलं. पाइपलाइनसाठी आमचा रस्ता खणला तेव्हा सगळी सोसायटी शिव्या देत होती. आतोबा मात्र गॅलरीतून खड्ड्यांकडे बघत म्हणाले, "झकास! आता दारातूनच सुरुवात."

घरात याची झळ बसे ती आत्याला. गिरणी आमच्या गल्लीच्या टोकाला होती. एकदा आतोबा गव्हाचा डबा सायकलच्या दांड्याला बांधून दळायला गेले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत. आले ते घामाघूम, पांढरेफटक आणि प्रसन्न. वाटेत नवी खडी पडलेली दिसली म्हणून दळण घेऊन पार एक्सरपर्यंत गेले होते. डब्याचं झाकण हादऱ्यांनी कधीच उडालं होतं. "दळण आणूक गेल्लात की पेरूक?" आत्याने विचारलं. आतोबा डब्यात डोकावून म्हणाले, "अगो, खालचा सगळा शाबूत आसा." त्या दिवशी आम्ही भात खाल्ला.

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि तो फ्रेंच इंजिनियर यंत्राच्या तपासणीसाठी पुन्हा आला. आतोबा त्याला मोस्यू म्हणायचे. मोस्यू येणार हे कळल्यापासून आतोबांची झोप उडाली. त्यांच्या लेखी तो इंजिनियर नव्हताच, त्या पांढऱ्या रेघांचा मालक होता. रविवारी त्याला खाडीपलीकडे मनोरीच्या कच्च्या रस्त्यांवर न्यायचं ठरलं. माझं इंग्रजी बरं म्हणून दुभाषा म्हणून मीही. मोस्यूसाठी भाड्याची सायकल आणली. ती त्याला इतकी ठेंगणी होती की पायडल मारताना त्याचे गुडघे कानाशी येत. मार्वेच्या धक्क्यावर सायकली बोटीत चढवताना मासळीच्या पाट्या घेऊन बसलेली एक कोळीण त्याला न्याहाळून म्हणाली, "या लाल बाबाला कुठं नेता रं उन्हात? शिजंल ना तो!" मोस्यू तिच्याकडे बघून हसला. तेवढंच. पलीकडे उतरून सुरूच्या बनाजवळच्या कच्च्या वाटेला लागलो, आणि पहिल्याच वळणावर तो सायकलसकट वाळूत आडवा झाला.

लागलं नव्हतं, पण उठायला तो तयार होईना. एका माडाखाली बसकण मारून त्याने सांगून टाकलं की लहानपणानंतर तो सायकलवर बसलेलाच नाही. पॅरिसमध्ये पाचव्या मजल्यावर राहतो, ऑफिसला बसने जातो. आणि तो नकाशा? हिंदुस्थानात कुणाला तरी काहीतरी द्यावं लागेल म्हणून निघताना स्टेशनवरच्या दुकानात घेतला होता. हलका होता म्हणून.

हे मराठीत सांगायचं माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं. आतोबा उभे होते, हँडलवर दोन्ही हात ठेवून. त्यांचा सतत हलणारा पाय थांबला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस घरी जाऊन भिंतीवरचा नकाशा उतरवणार.

"त्याला विचार," ते म्हणाले, "लहानपणी सायकल कुठे चालवायचा?"

मोस्यूने खांदे उडवले. आजीकडे. ओव्हेर्नमध्ये, एका खेड्यात.

"ओव्हेर्न!" आतोबा ओरडले. उच्चार चुकला असणार, पण मोस्यूने चमकून वर पाहिलं. "रस्ता कसला होता? खडीचा ना? बाजूला द्राक्षं?"

द्राक्षं कुठली, मोस्यू म्हणाला. गाई. जिकडेतिकडे गाई आणि चिखल. दर सुट्टीत गुडघे फुटायचे. त्याला तो रस्ता मुळीच आवडायचा नाही.

द्राक्षांच्या मळ्यांवर आतोबांची इतकी वर्षं गेली होती, म्हणून मी हे जरा चाचरतच सांगितलं. आतोबांचा चेहरा मात्र उजळत गेला. "गाई? म्हणजे आपलं आरेच की रे! त्याला विचार, खडी गोल की टोकेरी? पाऊस पडल्यावर वास कसला यायचा? चढाला उतरून ढकलायचा की बसूनच?" प्रश्नांमागून प्रश्न. मोस्यू सुरुवातीला एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग त्याने वाळूत बोटाने एक वळण काढलं, आणि त्या वळणावरच्या कुत्र्याबद्दल सांगायला लागला. मग ओढ्याबद्दल. मग आजीबद्दल, जी तो पडला की आधी सायकल तपासायची आणि मग त्याचा गुडघा. त्याचं इंग्रजी संपलं आणि तो फ्रेंचमध्ये बोलू लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि आतोबा माझ्याकडे वळतही नव्हते. मान डोलवत "होय, होय" म्हणत होते.

परतीच्या बोटीत मोस्यू म्हणाला, "आजीचं घर बंद आहे, पण किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही या. आपण जाऊ." तो मनापासून बोलत होता.

आतोबांनी महिन्याच्या आत पासपोर्टचा फोटो काढला. तो तिसऱ्या खेपेला आला, कारण आधीच्या दोन्हींत ते हलले होते. पण तो पावसाळा सरला आणि कारखान्याला टाळं लागलं. आतोबा काम मिळेल तिथे यंत्रांचे नकाशे काढून द्यायला लागले, आज अंधेरी तर उद्या घाटकोपर. मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, मग आत्याचं ऑपरेशन. फ्रान्सला जायचं नाही असं कुणी कधी ठरवलं नाही. त्याची गोष्ट निघायची थांबली, एवढंच. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, मोस्यूपण गेला नसेल अजून. पाचव्या मजल्यावरून उतरायचा कंटाळा त्याला."

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघंच मनोरीला गेलो. बोटीतून उतरून पुढे आलो तर वाटेच्या कडेला डांबराची पिंपं उभी होती. रोलर एका बाजूला थांबलेला. गोराईकडे जाणारा सगळा पट्टा नव्या, बारीक, एकसारख्या खडीने भरून दाबून ठेवला होता. मुकादम डबा खात बसला होता.

"डांबर कधी?" आतोबांनी विचारलं.

"उद्यापासून, काका. मग बघा कसा गुळगुळीत होतो."

आतोबांनी चपलेच्या टोकाने खडी चाचपली. वाकून मूठभर हातात घेतली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"जाऊ का यावरून?"

"जावा की. पण सायकलची वाट लागेल."

आम्ही गेलो. टायरखाली खडी अशी वाजत होती की एकमेकांशी बोलताही येत नव्हतं. टोकाला पोचल्यावर आतोबा वळले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. माझ्या मांड्या भरून आल्या. मुकादमाची माणसं घमेली गोळा करायला लागली, माडांच्या सावल्या रस्ताभर पसरल्या, शेवटच्या आधीची बोट लागल्याची हाक ऐकू आली.

"आतोबा, निघूया ना?"

"तू थांब इथे. दमलास तू," ते म्हणाले. "मी एकदा जाऊन येतो."

आणि ते निघाले, पाठ ताठ, कोपरं बाहेर, घाई असल्यासारखे. वळणावर माडांच्या आड गेले, मग दिसेनासे झाले. खडीचा आवाज मात्र नंतरही कितीतरी वेळ येत राहिला.