चालु की चालू

व्यंकय्या गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो. चार दिवसांच्या तापात तोंडातून अक्षर नाही. त्या दुपारी एकदाच डोळे उघडले, ‘चालु...’ म्हणाला आणि संपला. शब्द खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. भांडण तिथूनच सुरू झालं, कारण त्याच्या तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे, आणि आपल्या मराठीत ‘चालू’ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

साखर पेठेतला हा विणकर बारा वर्षं दर रविवारी माझ्याकडे मराठी शब्द शिकायला यायचा. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या वहीत उतरवून घ्यायचा... दिन-दीन, सुत-सूत. मला पहिल्या रविवारपासून संशय, की ह्या गृहस्थाला मराठी माझ्याहून चांगलं येतं आणि तो माझीच परीक्षा घ्यायला येतो. ‘सुत’ ऱ्हस्व म्हणजे मुलगा, ‘सूत’ दीर्घ म्हणजे धागा, असं मी छातीठोकपणे सांगितलं, तर भुवईसुद्धा न हलवता म्हणाला, “मास्तर, सुताला हाक मार, सुताला गाठ मार. दोन्हीकडं ऱ्हस्वच की. मग फरक कुटं गेला?” मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि अर्धी विहीर पिऊन आलो.

एकदा त्याला जेवायला बोलावलं. तो ‘चालु, चालु’ म्हणत राहिला आणि आमच्या सौभाग्यवती पुरणपोळ्या वाढत राहिल्या. चाळीस खाल्ल्या. सौभाग्यवती नऊ म्हणतात, पण त्यांची मोजणी फार कोती. पुरे म्हणायचं होतं, तर ताटावर हात आडवा धरता येत नव्हता? पुढच्या महिन्यात त्याच्या घरी मी भरल्या तोंडानं ‘चालू द्या’ म्हणालो, तर त्याच्या बायकोनं, नरसम्मानं, पातेलंच उचलून आत नेलं. व्यंकय्या मिशीत हसत होता. फरक त्याला पक्का ठाऊक होता...

तेराव्याला थोरला मुलगा म्हणाला, नायनानं, म्हणजे बापानं, पुरे म्हटलंय, माग मोडू आणि दोघंही गिरणीत जाऊ. धाकट्याचा जीव त्या मागात. त्यानं ‘चालू’ ऐकलेलं. दोघांनाही आपापल्या सोयीचं ऐकू आलं, असा माझा कयास. अखेर नरसम्मा माझ्याकडे वळली.

“आमच्याशी ते तेलुगूच बोलायचे. मराठी फक्त तुमच्याशी. डोळे कुणाकडं होते, मास्तर? खरं सांगा.”

माझ्याकडून खऱ्याची अपेक्षा साखर पेठेत आजवर कुणी केली नव्हती. व्यंकय्याचे डोळे मागाकडे होते. मागाशी तो कुठल्या भाषेत बोलायचा, ते त्याचं तो जाणे.

“माझ्याकडं बघत होता,” मी म्हणालो.

एवढी लहान थाप मी जन्मात मारली नव्हती, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी विश्वास ठेवला. थोरला एकटाच गिरणीत गेला. हा लेख त्यानं वाचला तरी फिकीर नाही. मास्तरची आणखी एक थाप, म्हणेल.

आता रविवारी मीच त्यांच्याकडे जातो. आत धाकट्याचा माग खटखटत असतो. नरसम्मा चहा ओतते. कप भरत आला की मी ‘चालु’ म्हणतो... अगदी तेलुगूत, नीट ऱ्हस्व. तरी ती माझ्याकडे रोखून बघत, बशी भरून वाहीपर्यंत ओतत राहते.