स्टाउटमध्ये सोडलेलं व्हॅनिला

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला लेकीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि कोरोनाने विमानं बंद केली, ती मला वर्षभर तिथेच ठेवून. त्या वर्षात मी पुष्कळ गोष्टी पहिल्यांदा केल्या. त्यातली सगळ्यात चवदार गोष्ट सांगते.

आमचे जावई दर शुक्रवारी पाच वाजता मागच्या अंगणातल्या स्खूरमध्ये जायचे. स्खूर म्हणजे सायकली ठेवायची लाकडी खोली. "चेन बघतो जरा," असं सांगून जायचे ते तासाभराने यायचे. घरात चार सायकली. मला वाटे, किती निगुतीचा माणूस.

डिसेंबरात एकदा मी नातीला म्हटलं, "तुझ्या बाबाच्या सायकली किती गं बिघडतात?" नात नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर स्वतःच्या भाषेत. "आजी, बाबा इज नॉट रिपेअरिंग. ही इज ड्रिंकिंग बिअर विथ ऑफिस. बिकॉज ऑफ यू."

बिकॉज ऑफ यू. एवढं इंग्रजी मला येतं.

ऑफिस बंद, म्हणून ऑफिसची शुक्रवारची बैठक लॅपटॉपवर भरायची आणि चव घ्यायच्या बाटल्या खोक्यातून घरपोच यायच्या. सगळे आपापल्या दिवाणखान्यात बसून प्यायचे, आणि आमचा माणूस स्वतःच्या घरात सासू आहे म्हणून कानटोपी घालून थंडीत.

चूक त्यांची नव्हती. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईवडिलांदेखत मी बोट उगारून सांगितलं होतं, "आमच्याकडे थेंब चालत नाही." ती बाई आज भेटली तर मी तिचं ते बोट हळूच खाली करीन. तिशीत असताना तर विचारू नका. आमचे हे ऑफिसच्या जेवणाहून आले की दारातच त्यांना "हा" करायला लावायची. कुणीतरी भेट दिलेली अख्खी बाटली मी मोरीत ओतली होती, मग मोरीलाच वास मारायला लागला म्हणून तीनदा सोडा घालून घासली, आणि वर सगळ्या आळीत सांगून आले. हीच बाई बाळंतपणानंतर द्राक्षासव मात्र दोन चमच्यांऐवजी चार चमचे घ्यायची. आंबवलेल्या द्राक्षांचं असलं तरी ते औषध. बाटली संपली की अशक्तपणा पुन्हा यायचा.

तर मी शाल गुंडाळली आणि स्खूरचं दार ठोकलं. जावई उलट्या बादलीवर बसलेले, लॅपटॉप सायकलच्या कॅरिअरवर. मला बघून ग्लास टायरमागे गेला. पडद्यावरच्या सात-आठ गोऱ्या चेहऱ्यांना मी नमस्कार केला.

"काय होतं ते काळं?"

"काही नाही आई, चेनचं तेल."

"चेनचं तेल ग्लासात घेता? फेसासकट?"

त्यांच्या नाकाचा शेंडा थंडीने लाल झालेला. मी म्हटलं, "आत चला. तेल घेऊन या. मलाही बघायचंय."

आत आल्यावर लेक जिन्यातच थबकली. "आई, तू? बिअर?"

"बघू तर दे. आयुष्यभर नुसताच वास घेतलाय मी."

बाटलीवर स्ट्रोपवाफलचं चित्र होतं, तिथली ती मधे पाक भरलेली गोल बिस्किटं. या स्टाउटला, म्हणजे काळ्या दाट बिअरला, म्हणे त्याचीच चव. जावयांनी फुलपात्रात दोन बोटं ओतली.

आधी नुसतीच प्यायले. पहिल्यांदा जिभेवर काकवी आली, चांगली दाट. मागून दालचिनी. मग एकदम भाजलेलं काहीतरी, सातूचं पीठ करताना धान्य जरा जास्त भाजलं जातं ना, अगदी तसं. गिळलं तर घशाशी कॉफीचा कडूपणा, आणि पोटात छोटासा शेगडीचा निखारा. मी टाळी वाजवली. इतकी वर्षं मला वाटत होतं, दारू म्हणजे रॉकेल.

"कडू लागली का, आई?"

"लागली. छान लागली. आता गोड काय आहे घरात?"

फ्रीझरमध्ये व्हॅनिला निघालं. नातीला ताटलीत नुसतं आइस्क्रीम दिलं. माझ्या फुलपात्रात एक लहान गोळा सोडला. कडूपणा सायीत विरघळला, काकवी वर आली, आणि दालचिनी अशी काही पुढे सरकली की मी चमचा चाटूनपुसून पुन्हा भांड्यात घातला.

जावई आता कोचावर बसले होते, पण प्रत्येक घोटाला मान वळवून खिडकीच्या पडद्याकडे तोंड करत होते. मला ते बघवेना. माणूस आत आला होता, पण अर्धाच.

"अहो, पडद्याशी काय बोलताय?"

"तसं नाही आई. तुमच्यासमोर कसं..."

"मीही तुमच्यासमोरच पितेय ना?"

ते हसले, आणि पुढचा घोट परत पडद्याकडेच. मग मी बोलणं सोडलं. आइस्क्रीमचा मोठाच्या मोठा गोळा उचलला आणि त्यांच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासात टाकला.

फेस तापलेल्या दुधासारखा सर्रकन वर आला. "उतू जातंय, उतू जातंय," मी आणि लेक एकदम ओरडलो. खाली नवा गालिचा. विचार करायला वेळच नव्हता. जावयांनी ग्लासाला तोंड लावलं आणि माझ्याकडे बघत बघत सगळा फेस सुर्रकन ओढून घेतला. मिशीवर फेस, नाकावर व्हॅनिला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी मान वळवली नाही.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"आई," ते मिशी न पुसताच म्हणाले, "मस्तानी. अगदी मस्तानी."

"मग चमचा घ्या. खरा माल तळाला असतो."