चार चाकांची दांडी आणि पोळ्याची वेसण

आमच्या गावात अजून एक गोष्ट सांगतात, की अमक्याच्या पोरीनं जीप हाणली आणि टायरं खाल्ली. साफ खोटं आहे. टायरं मी खाल्ली नाहीत. ती कशानं गेली हे मला कळलं, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी नळदुर्गच्या चौकात, चार माणसांच्या तोंडावर सांगितलं होतं. आज दात पडले तरी तेच सांगते. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कानात बोळे घालावेत.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरात लिलावातून मिलिटरीची जुनी जीप आणली. स्टिअरिंग डाव्या हाताला. छप्पर कापडाचं, दारं नाहीतच. गाव आमचं नळदुर्गपासून दोन कोस आत. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, पण ही जीप गुरगुर करत निघून यायची. कारण तिच्यात एक जादाची दांडी होती. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालायची. ती दांडी ओढली की पुढची दोन चाकंही ओढायला लागायची.

आबांना त्या दांडीचं काय वेड लागलं, विचारू नका! आमच्याकडं नांगराला सहा बैल जुंपायचे. दोन बैलांवर नांगरणारा तो गरीब, सहा जुंपणारा तो घरंदाज, असा सगळा हिशेब. आबा म्हणायचे, "दावणीला चार बैल आसताना दोनच जुंपायचे आन् दोन नुसते संगं चालवायचे? लोकं शेण घालतील तोंडात." त्यामुळं जीप कायम चारी चाकांवर. चिखल असो, कोरडं रान असो, नाहीतर सोलापूर-हैदराबादचा डांबरी रस्ता असो. पोळ्याच्या दिवशी बैलांना नव्या वेसणी घातल्या की एक नवी वेसण आबा जीपसाठी ठेवायचे. बॉनेटला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, दांडी मागं ओढायची आणि त्या वेसणीनं सीटच्या पायाला करकचून बांधायची. पोळ्याची गाठ पुढच्या पोळ्यालाच सोडायची, हा दस्तूर. माझ्या हातात गाडी आली ती अशी बांधलेल्या दांडीसकट.

आली कशी, तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी लाडावलेली होती. आबांच्या गुडघ्यावर बैलाची लाथ बसली. पाय वाकेना, क्लच दाबता येईना. मुलगा त्यांना नव्हता. आम्ही दोघी बहिणी, थोरली नांदायला गेलेली. राहिले मी. आबांनीच मला रानात नेऊन शिकवलं, शेजारी बसून, हातात काठी घेऊन. मायनं कपाळावर हात मारला, पण बाजाराला जायचं असलं की सगळ्यात आधी गाडीत तीच बसायची. स्टिअरिंग डावीकडं म्हणजे रस्त्याच्या कडेला मी. कडेनं जाणाऱ्याला आधी माझंच तोंड दिसायचं. एकजण बघता बघता सायकलसकट खड्ड्यात गेला. माझा काय दोष?

मला ती गाडी आवडायची. उगं आडपडदा कशाला ठेवू, जीव जडला होता माझा तिच्यावर. वाडीवस्तीवरच्या पोरी विहिरीपर्यंत जात होत्या तेव्हा मी नळदुर्ग, तुळजापूर बघत होते, आणि तेही कुणाच्या मागं बसून नाही.

काकांच्या डोळ्यांत तेच खुपत होतं. आबांचे धाकटे भाऊ ते. त्यांचा मेहुणा नळदुर्गात राहायचा, कुणाच्या तरी ट्रकवर ड्रायव्हर होता. ही जीप त्याच्या हाती द्यावी असं काकांच्या मनात कधीचं होतं. आणि नेमकं मी गाडी हातात घेतली त्याच वर्षी, नळदुर्ग-तुळजापूरच्या फेऱ्या वाढल्या तशी, टायरं गेली. नवी कोरी चढवलेली चारी टायरं दिवाळीच्या आत गुळगुळीत. स्टिअरिंग असं जड की संध्याकाळी माझे खांदे भरून यायचे. वळणावर गाडी हिसके द्यायची, बुडातून कटकट आवाज यायचा.

"बाईच्या हातची गाडी, दुसरं काय व्हनार?" काका ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. "दादा, बैलाला येसण घालतेत. ह्या पोरीला कोन घालनार?"

आबा सुपारी कातरत ऐकून घ्यायचे. त्यांचं ते ऐकून घेणं मला काकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

ज्वारीची खळी चालू होती तेव्हाची गोष्ट. आबा आणि काका, दोघांना घेऊन मी नळदुर्गच्या बाजाराला गेले. चौकात गाडी वळवून लावायची होती. धाब्यासमोर ट्रकवाले बाजंवर बसलेले. मी पूर्ण स्टिअरिंग कापलं, म्हणजे अडेपर्यंत फिरवलं, आणि गाडीनं असे आचके दिले की आबांचं मुंडासं मांडीवर आलं. पुढचं टायर डांबरावर किंचाळलं आणि गाडी बंद पडली. ट्रकवाले खो खो हसले. एकजण ओरडला, "बाई, चुलीपाशी बसा!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. उतरून त्याच्या कानाखाली काढावी असं वाटलं, पण शेजारी आबा मान खाली घालून बसलेले.

काकांनी तिथंच निकाल लावला. "झालं तेवढं हसं बास. परवा गाडी हितंच आनायची आन् मेहुण्याच्या ताब्यात द्यायची. काय दादा?"

आबा म्हणाले, "व्हय."

बस्स, तेवढंच. मला गाडी शिकवणारा माणूस, माझ्याकडं न बघता 'व्हय' म्हणाला.

घरी येताना बोरी नदीचं पाणी ओलांडलं. वरच्या अंगाला मुरमाचं मोकळं मैदान होतं. काकांचा पंचा मागं पाण्यापाशी पडला म्हणून गाडी तिथं गोल वळवून उभी केली आणि ते पंचा आणायला चालत गेले. आबा गाडीतच बसून. मी पाय मोकळे करायला उतरले आणि सहज खाली पाहिलं. ओल्या चाकांचे वळ कोरड्या मुरमावर उमटले होते. दोन नाही, चार. मला वाटत होतं मागची चाकं पुढच्यांच्याच वाटेनं येतात. छे! पुढची चाकं बाहेरून लांबच्या फेऱ्यानं गेली होती, मागची आतून जवळच्या वाटेनं.

काका आले तशी गाडी पुन्हा काढली, पण ते चार वळ डोळ्यांपुढून हलेनात. गाव जवळ आलं तसं आमचं खळं दिसायला लागलं. पात, म्हणजे बैलांची मळणी, चाललेली. मधल्या खांबाला, तिवड्याला, बैल ओळीनं बांधलेले, कणसांवरून गोल फिरत होते. खळ्यावर मी लहानपणापासून बैलांमागं फिरलेली. तिवड्याजवळ म्हातारा बैल बांधायचा, कारण आतल्याला थोडं चालावं लागतं. बाहेर चलाख बांधायचा, त्याला लांबचा फेरा पडतो. बाहेरच्याला कुणी म्हटलं की आतल्याएवढंच चाल, तर काय होईल? दावं तुटेल नाहीतर मान मोडेल.

अगं बया! मी स्टिअरिंगवर हात मारला. आमच्या जीपमध्ये नेमकं तेच चाललं होतं. पुढच्या चाकांना लांबचा फेरा, मागच्यांना जवळचा, आणि आबांनी दोघांना पोळ्याच्या वेसणीनं एका मापात बांधून टाकलेलं. मऊ मातीत चाक जरा घसरून जमवून घेतं. डांबर घसरू देत नाही. मग टायर झिजतं, स्टिअरिंग अडतं, गाडी आचके देते.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोळ्याची गाठ हाय. तिला हात लावायचा न्हाय." मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांनी काठी आपटली. बरं तर, म्हटलं. सांगून ऐकत नसाल तर दाखवते.

ठरल्या दिवशी आबा-काकांना घेऊन निघताना मायचा विळा सीटखाली टाकला. माय बघत होती, पण कशाला म्हणून विचारलं नाही.

नळदुर्गच्या चौकात काकांचा मेहुणा पांढरंधोट धोतर नेसून तयारच होता. धाब्यावर परवाचेच दोघंतिघं बसलेले. मी उतरले आणि त्याला म्हटलं, "बसा मामा. आधी तुमी वळवून दाखवा. परवा मी वळवत होते तिथंच."

तो हसत बसला. स्टिअरिंग कापलं. गाडीनं त्यालाही तसेच आचके दिले, टायर तसंच किंचाळलं आणि गाडी तशीच बंद पडली. धाब्यावरचे पुन्हा हसले, पण आता मला नव्हे.

"पोरीनं गाडीच खराब करून ठिवली," तो म्हणाला आणि घाम पुसत उतरला.

"बगितलं का दादा!" काकांना जोर चढला.

मी विळा काढला, आत वाकले आणि वेसण कापली.

आबा एकदम ओरडले, "पोळ्याची येसण! आगं, कापलीस तू? लाज न्हाय वाटत?" काठी वर गेली. बाजवरची माणसं उठून जवळ आली.

"न्हाय वाटत," मी म्हटलं. हातातले तुकडे खाली टाकले. "आबा, तुमी शिकवलेली गाडी हाय ही. तुमच्या देखत ह्यांच्या हातात जायची ठरली, तवा लाज वाटली मला. आता न्हाय वाटत."

आणि दांडी पुढं ढकलली. हलेना! दोन्ही हात लावले, पाय टेकवून जोर केला. ढिम्म. काका खदखदा हसायला लागले. सगळ्यांसमोर नाक कापून घेतलं वाटलं.

पण मी शेतकऱ्याची पोर. बैल ओढीला असले, जू ताठलेलं असलं की त्याची खुंटी, शिवळ, कधी निघते का? ओढून ओढून हात सोलतील. बैल पाऊलभर मागं सरकवायचे, की शिवळ आपसूक हातात येते. मी गाडी सुरू केली, मागचा गिअर टाकला आणि हळूच मागं घेतली. बुडात दणका बसल्यासारखा आवाज झाला. क्लच दाबला. दांडी माझ्या तळहाताखाली लोण्यासारखी पुढं गेली.

मग मी वळवलं. पूर्ण स्टिअरिंग कापून, त्या चौकात, धाब्यासमोरून, आबांच्या समोरून, काकांच्या धोतराला वारा लागेल इतक्या जवळून. ना आचका, ना किंचाळी. एक फेरा झाला, मी दुसरा घेतला. तिसरा गरज नसताना घेतला, उगं, मला हौस आली म्हणून! परवा चुलीपाशी बस म्हणणारा होता, त्याच्यासमोर गाडी थांबवली आणि विचारलं, "काय दादा, भाकरी टाकू का?" तो बाजंवर जाऊन बसला.

"टायरं कुनी खाल्ली ते कळलं का आता?" मी काकांना विचारलं. "बाईनं न्हाय. त्या गाठीनं."

काका मेहुण्याकडं बघत राहिले, मेहुणा धाब्याकडं. आबा काठी टेकत आले, जमिनीवर पडलेले वेसणीचे दोन तुकडे उचलून खिशात घातले आणि पाय धरत माझ्या शेजारी चढून बसले.

"चल," म्हणाले.

वाटेत खिशातले तुकडे चाचपत राहिले. मला वाटलं घरी गेल्यावर बघतील. डांबर संपलं, गावाची काळी वाट लागली, तेव्हा पुढं बघतच म्हणाले, "आता वढ की ती दांडी."

"कोरडं हाय, आबा. गरज न्हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. परवापासून पहिल्यांदा पाहिलं. मला रडू आलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही.

गाडी माझ्याकडंच राहिली. आबा मात्र चुकले असं कधी म्हणाले नाहीत, आणि मीही कधी म्हणायला लावलं नाही.

पुढच्या पोळ्याला पाऊस दणकून झाला होता. बैल धुऊन, रंगवून वेशीकडं निघायला उभे. सगळं गाव जमलेलं, काकाही होते. आबांनी जीपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नवी वेसण हातात घेऊन थांबले. मग ती माझ्यापुढं केली.

"धर. कुटं बांधायची ती तूच ठरव."

मी ती घेतली आणि परत त्यांच्याच हातात ठेवली. "बैलाची हाय, बैलाला घाला. हितं कुनाला लागत न्हाय," म्हटलं. मग गाडीत बसले, समोर चिखल होता म्हणून चार चाकांची दांडी माझ्या हातानं ओढली आणि बैलांच्या पुढं निघाले.