मोरेसर आणि आमची कारणे

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साठतात. कपाटात जुन्या उत्तरपत्रिका, आणि कपाटाबाहेर किस्से. उत्तरपत्रिका निदान रद्दीत तरी जातात! आमच्या महाडच्या शाळेतले बरेचसे किस्से हसण्यासारखे आहेत. हा मात्र नाही.

जन्मभर 'कारणे द्या' विचारून विचारून शिक्षकाला खोडच लागते. कशाचंही कारण दिल्याशिवाय त्याला राहवत नाही. आमचे हेडसर तर कारण न लिहिलेला रजेचा अर्ज सरळ परत करतात. 'घरगुती' लिहिलेलंसुद्धा चालत नाही!

*

भूगोलाचे मोरेसर पोलादपूरच्या वरच्या वाडीतले. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या गोठ्यावर दरड आली, दोन म्हशी गेल्या. आम्ही केळी घेऊन भेटायला गेलो. विज्ञानाच्या पाटीलसरांनी मातीचा ढीग निरखला आणि निकाल दिला, "पायथा खोदलात ना? मग डोंगर येणारच!"

मोरेसर म्हणाले, "खोदला नाय ओ. आता खोदायचाय, तर फावडा पण त्याच्याखालीच हाय."

आम्ही सगळे हसलो. ते हसले नव्हते, हे मला घरी आल्यावर आठवलं.

*

महिन्याभरात मोरेवहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात आमच्या मराठीच्या साळवीबाई त्यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "बीपीची गोळी चुकवली असणार!" वहिनींना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांनी चांगल्या हाताने पदर तोंडावर ओढला.

*

मी तर कहरच केला. एसटी स्टँडवर चहा पिताना म्हणालो, "सर, सगळं एकाच घरावर? कधी कोणाचं वाईट केलंत का, आठवून बघा."

मोरेसरांनी खरंच आठवून बघितलं! बराच वेळ. मग म्हणाले, "नाय ओ सापडत." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्यांच्या नाही, माझ्या!

*

गणिताचे निवृत्त रूबेनसर आपल्या रायगड जिल्ह्यातलेच ज्यू. एकदा ते शाळेत आले, तेव्हा हे सगळं त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, "आमच्या धर्मग्रंथात असाच एक भला माणूस आहे. मुलं गेली, गुरं गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले."

"आणि?"

"तेवढंच बरोबर केलं त्यांनी. मग तोंड उघडलं. म्हणाले, तुझ्या मुलांनीच पाप केलं असेल!"

साळवीबाई म्हणाल्या, "सात दिवस गप्प? आपल्या स्टाफरूममध्ये अशक्य!"

*

यंदा माझ्या गळ्यात गाठ निघाली. तुकडा तपासायला मुंबईला गेला आणि माझी झोप उडाली. पाटीलसर म्हणाले, "खडूची धूळ!" साळवीबाई म्हणाल्या, "तुमचं ते तिखट!" दोघांचंही खरं वाटायचं.

एका रविवारी मोरेसर घरी आले. खुर्ची सोडून माझ्याशेजारी सतरंजीवर बसले. तास गेला. चहा निवला. शेवटी मलाच राहवेना. "सर, बोला हो काहीतरी!"

"रिपोर्ट कधी हाय?"

"गुरुवारी. आणायला मला स्वतः मुंबईला जायचंय. भीती वाटते हो."

त्यांनी मान हलवली. आणखी तासभर बसले आणि गेले.

सोमवारी त्यांनी गुरुवारच्या रजेचा अर्ज हेडसरांच्या टेबलावर ठेवला. मी शेजारीच उभा होतो; माझा त्याच गुरुवारचा, 'मुंबईला रिपोर्ट' असं कारण लिहिलेला अर्ज आधीच तिथे होता. 'कारण' या शब्दापुढची रेघ कोरी होती.

"मोरे, कारण?"

मोरेसर गप्प.

हेडसरांनी अर्जाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि पेनचं टोपण काढून सही केली.